लळिंगच्या टोलनाक्यावरून मध्यरात्री जाणाऱ्या ट्रेकर मंडळींस

जळगाव आणि धुळे येथील तमाम गिरिप्रेमी बंधू-भगिनींस,



पत्रास कारण की, आषाढ लागला रे लागला की दर शनिवारी रात्री आपल्या गाड्या नाशिकच्या दिशेने धावू लागतात. जळगावची मंडळी पारोळ्यावरून धुळ्याला येतात, धुळ्याची घरूनच निघतात आणि सगळ्यांचा रस्ता लळिंगच्या टोलनाक्यावर एक होतो. फास्टॅग वाजतो, दांडा वर होतो, गाडी पुढे सरकते. त्या वेळी शेजारी जो डोंगर काळोखात उभा असतो त्याच्या माथ्यावर फारुकी सुलतानांचा किल्ला आहे. ज्यांच्या ‘खान’ या किताबावरून आपल्या मुलखाला खान्देश नाव पडलं असं अनेक जण मानतात, तेच हे फारुकी. आपण मात्र तेवढ्यात मान टाकून झोपलेले असता, कारण पहाटे कळसूबाईच्या पायथ्याला ताजंतवानं पोहोचायचं असतं. डोंगर चढण्यासाठी एका डोंगराच्या पायथ्यापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब जाण्याचा हा निग्रह खरोखर थोर आहे, आणि त्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन करावं म्हणून हा पत्रप्रपंच.

त्याहून थोर म्हणजे आपलं वेळापत्रक. हस्ताचा पाऊस सरला, आकाश धुऊन निघालं, घाटातली शेवाळं वाळली, की आपण बूट माळ्यावर टाकता. सीझन संपला म्हणता. कोणाचा संपला? पावसाळी भटकंती पुण्या-मुंबईच्या लोकांना का सुचली याला कारण आहे. त्यांच्या दाराशी जो सह्याद्री आहे तिथे महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पावसात भिजणं हाच कार्यक्रम आहे, डोंगर हे निमित्त. आपल्याकडे जळगावात वर्षभराचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्यात त्याहून कमी. म्हणजे आपण रेनकोट विकत घेतला तो ठीक, पण त्याच्या खिशात सह्याद्रीचं कॅलेंडर घडी घालून आलं आणि तेच आपण भिंतीला लावलं. हाच मोसमी पाऊस परतला की नेपाळात गिरिभ्रमणाचा मुख्य हंगाम सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जगभरातून माणसं तिथे जातात. आपल्यातलेही काही काठमांडूला जाऊन येतात. ज्या वाऱ्यांनी माघार घेतल्यामुळे तिथलं आकाश स्वच्छ होतं, त्याच वाऱ्यांनी त्याच सुमारास सातपुड्याकडेही पाठ फिरवलेली असते. पण घरच्या डोंगराला तो नियम लागू करणं बहुधा शिष्टाचारात बसत नसावं.

आता थोडं पुराव्याचं. आपण अजिंठ्याला पाहुण्यांना घेऊन जाता, चाळीसगावहून पाटणादेवीला आणि तिथून जवळच्या पितळखोऱ्यालाही कुणी कुणी जातं. अजिंठा-पितळखोऱ्याची ही लेणी ज्यांच्यासाठी खोदली त्या भिक्खूंचा नियम काय होता? पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, याला वर्षावास म्हणत, आणि आश्विन पौर्णिमेला प्रवारणा करून पुन्हा पायी निघायचं. म्हणजे आपल्याच डोंगरांत, दोन हजार वर्षांपूर्वी, चालण्यातच आयुष्य घालवणाऱ्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की पावसात बसायचं आणि शरदात चालायचं. जैन साधूंचा चातुर्मास कार्तिकात संपतो तेव्हा विहार पुन्हा सुरू होतो. राजेलोकांचं सीमोल्लंघन दसऱ्याला. या सगळ्यांपैकी कुणालाच ‘मान्सून ट्रेक’ सुचला नाही, हे त्यांचं मागासलेपण म्हणायचं की काय, ते आपणच ठरवावं.

लोकांचं पंचांगही हेच सांगतं. आडगावजवळची मनुदेवी सातपुड्याच्या कुशीत, धबधब्याशेजारी बसलेली. तिची मोठी गर्दी नवरात्रात. कोजागरीला सप्तशृंगगडावर कावडी चढतात, म्हणजे बरोबर त्या प्रवारणेच्याच पौर्णिमेला. आणि धनत्रयोदशीला अस्तंभा. तळोद्याकडून सातपुड्यात शिरून अस्तंभ्याच्या शिखरावर जाणारी ही यात्रा म्हणजे भर दिवाळीतली गिरिचढाईच आहे. कपाळाच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा या डोंगरात आहे अशी श्रद्धा. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही तरुण पोरं येतात, रात्रभर चालतात. डोंगराची उंची 1325 मीटर, म्हणजे सिंहगडाहून थोडी अधिकच. (1 जुलै 1998 पर्यंत हा डोंगर धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. आपण तेव्हाही गेला नव्हता, तेव्हा फार नुकसान झालं असं नाही.) त्या पोरांना कुणी ट्रेकर म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे काठी आहे, ट्रेकिंग पोल नाही.

डोंगराची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तापीच्या गाळाच्या सपाट मैदानातून, केळीच्या बागांमागून सातपुडा एकदम भिंतीसारखा उठतो. इथे जमीन भेगाळून डोंगराचा ठोकळा वर राहिला आणि तापीचं खोरं खाली बसलं, असं भूशास्त्र सांगतं; अडावदजवळच्या उनपदेवाचं गरम पाणी ही त्या भेगांचीच खूण मानतात. अशा डोंगराच्या कड्यावर चढलं की खाली अख्खं खोरं पसरलेलं दिसायला हवं. पावसाळ्यात दिसतं ते ढगाचं पोट. मार्चनंतर दिसतो धुरळा आणि वणव्याचा धूर. मेमध्ये पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा बघायला कुणी वर जातच नाही. स्वच्छ दिसतं ते दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत. सागाची पानं अजून झाडावर असतात, सालई आणि अंजनाच्या रानात ऊन सरळ खाली उतरतं, ओढ्यांचं गढूळपण गेलेलं असतं पण पाणी गेलेलं नसतं. पाटणादेवीच्या धवलतीर्थाचं, केदारकुंडाचं पाणी या दिवसांत नितळ होतं. फाल्गुनात तिथे दगड उरतात. आणि उतारावर रोशा गवत फुललेलं असतं. हेच ते गवत ज्याच्यापासून सुगंधी तेल काढण्याचा धंदा खान्देशात एकेकाळी जोरात होता, आणि तेल निघायचं ते फुलोऱ्याच्या दिवसांत, म्हणजे शरदातच. डोंगराला स्वतःचा वास असतो, तो याच दिवसांत. रेनकोटच्या आत मात्र फक्त रेनकोटचाच वास येतो.

आपलं म्हणणं माहीत आहे. ऑक्टोबर हीट! हे खरं आहे, आणि नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जळगावची दुपार पस्तिशीच्या पुढे जाते आणि जमिनीतला ओलावा अंगावर वाफेसारखा येतो. पण त्यासाठी कुणी शरद ऋतू रद्द करत नाही, दुपार रद्द करतं. पहाटे निघून दहाच्या आत उतरावं. आणि कोजागरीनंतर रात्री उतरू लागतात, नोव्हेंबरात तर पहाटे स्वेटर लागतो. कुसळं मोज्यांत घुसतात, हेही खरं. गेटर बांधावेत, किंवा कुसळं वेचत बसावं. इकडच्या डोंगरांना शिवरायांचा इतिहास नाही, हा आक्षेप जरा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण महाराष्ट्रात गड चढणं ही बऱ्याच अंशी भक्ती आहे आणि ती असावीही. पण भक्तीला एकच दैवत असतं असं नाही. पाटणादेवीच्या देवळात शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. डोंगराच्या पायथ्याशी गणित शिकवण्याची सोय, आठशे वर्षांपूर्वी! साक्री तालुक्यात भामेरच्या किल्ल्यावर कातळात कोरलेल्या खोल्या आणि टाकी आहेत. लळिंगच्या लांडोर बंगल्यात 31 जुलै 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. त्या दिवशी दरवर्षी तिथे हजारो माणसं जमतात. तेव्हा पाऊस असतो, पण ते पावसासाठी येत नाहीत.

खरा अवघड आक्षेप आपण घेतच नाही, म्हणून तो मीच घेतो. शरद हा शेतकऱ्याचा कामाचा काळ. कापसाची वेचणी, ज्वारी-मक्याची कापणी, रब्बीची पेरणी. त्या दिवसांत डोंगरात चला म्हणणं हे शहरातल्या रिकाम्या माणसाचं बोलणं वाटेल, आणि थोडंफार ते आहेच. पण यात्रांची रचना पाहा: त्या रानातली कामं अडवत नाहीत, सणांच्या फटीत बसतात. एक रात्र, एक दिवस, परत. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. शिवाय जे हे पत्र वाचत आहेत त्यांतले बहुतेक जण शनिवारी सुटी असलेले आहेत, कापूस वेचणारे नाहीत.

आणि एक. आपण इकडे आलात तर प्लास्टिकही येईल, स्पीकर येईल, रील येतील, लोणावळ्याला पावसाळ्यात होतं ते सातपुड्यातल्या पालला होईल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि खरं सांगायचं तर आजवर आपण सह्याद्रीला जात राहिलात याबद्दल यावलच्या रानाच्या वतीने आभारच मानायला हवेत. पण शरदाचा एक गुण असा की तो गर्दी गोळा करत नाही. धबधब्याखाली नाचायला शंभर माणसं एका जागी लागतात, दूरवर बघायला एकही पुरतो. यावल 1969 पासून अभयारण्य आहे, गौताळाही अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी घ्यावी, पावरा आणि तडवी वस्त्यांतून जाताना आवाज खाली ठेवावा, आणलेलं परत न्यावं. जमत नसेल तर कृपया कळसूबाईलाच जावं. तिला सवय आहे.

बाकी, बामणोदची वांगी दिवाळीनंतर येतात आणि शेतात भरिताचा धूर निघू लागतो. उतरून येईपर्यंत भूक लागलेली असतेच. यंदा एकच करून पाहावं: शनिवारी रात्री न निघता रविवारी पहाटे निघावं. धुळ्याहून लळिंग दहा किलोमीटर आहे आणि किल्ला टोलनाक्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे विचारण्यापुरतं तरी जागं राहावं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सातपुड्याचा एक शेजारी