काळा झेंडा आणि कुरोड्या

महाराष्ट्र दिन मुंबईकरांना सोपा जातो. हुतात्मा चौकात फुलं वाहायची, शिवाजी पार्कवरचं संचलन बघायचं, दुपारी लोळायचं. नागपुरात दोन अडचणी असतात. एक म्हणजे ऊन. १ मेला सकाळी आठ वाजताच कस्तुरचंद पार्कवर झेंडावंदनाला उभा असलेला माणूस सावधान स्थितीत कमी आणि सावलीच्या शोधात जास्त असतो. दुसरी म्हणजे घरात निदान एक तरी विदर्भवादी असतोच.

आमच्या जरीपटक्याच्या घरात तो मान काकांचा. विदर्भवादी १ मे हा काळा दिवस म्हणून पाळतात. काका तो घरातच पाळतात, कारण बाहेर ४४ अंश असतं. सकाळी दाढी-आंघोळ उरकून ते पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर काळी फीत लावतात. म्हणजे काकू लावते. त्यांना डाव्या हातानं सेफ्टी पिन लागत नाही आणि उजव्या हातानं टोचते.

आई मूळची पुण्याची. ती त्याच वेळी दारात रांगोळीनं महाराष्ट्राचा नकाशा काढत असते. सुरुवात कोकणापासून, अगदी मन लावून. मराठवाड्यापर्यंत पोचते तोवर जागा संपत आलेली असते, कारण पूर्वेला उंबरा आहे. मग गोंदिया भिंतीला चिकटतं आणि गडचिरोली दरवर्षी पायपुसण्याखाली जाते. काका चष्मा सावरत येतात, पाहतात आणि समाधानानं म्हणतात, “घ्या! रांगोळीत बी अनुशेष!” त्यांना आईनं नकाशा नीट काढलेला मुळीच चालणार नाही, असा माझा जुना संशय आहे.

आम्हा पोरांना लहानपणी या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. झेंडावंदन झालं की त्याच सकाळी शाळेत निकाल हाती पडायचा. त्यामुळे महाराष्ट्राचा जन्म आणि आमचं मरण एकाच मुहूर्तावर यायचं. पुढे मात्र मजा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. विदर्भाच्या पदरात काहीतरी जास्त पडल्याचं हे एकमेव उदाहरण काका कधीच सांगत नाहीत.

खरा कार्यक्रम गच्चीवर. तिथे काकांचा काळा झेंडा लागतो. झेंडा म्हणजे जुन्या छत्रीचं कापड, बांबूला सुतळीनं बांधलेलं. काकूचा आधी याला सक्त विरोध होता. मग तिच्या लक्षात आलं, की झेंडा फडफडतो तिथे कावळा फिरकत नाही. आणि मे महिना म्हणजे वाळवणाचा महिना! तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून काढलेला चीक रात्रभर निवळतो आणि पहाटे मोठ्या पातेल्यात रटरटतो. एकजण ढवळतो, त्याचा हात भरून आला की दुसरा. जरा लक्ष चुकलं की गुठळ्या. शिजलेल्या चिकाची पहिली वाटी दूध-साखर घालून पोरांना. मग गरम गरम चीक सोऱ्यात भरायचा आणि जुन्या साडीवर एकेक कुरोडी पाडत जायचं, सूर्य डोक्यावर यायच्या आत. साडीच्या चार कोपऱ्यांवर विटा, मधोमध काकांचा निषेध. आता झेंड्याचं वेळापत्रकही काकूच ठरवते. चीक आधी तयार झाला तर आमच्याकडे काळा दिवस ३० एप्रिललाच सुरू होतो आणि कुरोड्या कडक वाळेपर्यंत चालतो. काका फोनवर सहकाऱ्यांना ऐकवतात, “आमच्याकडं आंदोलन आठवडाभर चालू राहते!”

नाश्ता समोरच्या अम्मांकडून येतो. मराठ्यांच्या निशाणाचं नाव लावणारी आमची वस्ती फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी भरली, त्यामुळे महाराष्ट्र दिनाला आमच्याकडे दाल-पकवान असतं. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडता मोडता काका इतिहासाला हात घालतात. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं. १९५५ साली फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार तर त्यांना कलमांसकट पाठ. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, हे त्या करारातलं. “पण येतात केव्हा? डिसेंबरात! संत्री खायला! एकदा मे महिन्यात अधिवेशन घ्या म्हणा, बिनाकूलरचं. अनुशेष काहून वाढून राहिला, ते समजन.” ही मागणी मात्र मला अत्यंत वाजवी वाटते.

एका वर्षी अम्मा स्वतःच डबा घेऊन आल्या होत्या. लहानपणी आईबापांचं बोट धरून सिंधमधून निघालेल्या त्या बाई. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “भाऊ, तुमचा विदर्भ निदान जागेवर तर आहे. आमचा सिंध राष्ट्रगीतात आहे, नकाशात नाही.” काका एक अख्खं पकवान संपेपर्यंत गप्प होते. आमच्या घरातला हा विक्रम.

२०२३ पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं आणि नवा पेच उभा राहिला. टीव्हीवर ते लागलं की आई उभी राहते. काकांनी बसून राहायचं ठरवलं, पण गीतकार राजा बढे पडले नागपूरचे! आता बसावं तर गाववाल्याचा अपमान, उठावं तर चळवळीचा. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आलेला मामा (तो मे महिन्यात नागपूरला येत नाही, शहाणा आहे) हटकून आठवण देतो, की गाणारे शाहीर साबळे वाईकडचे. तोडगा काकूनं काढला. गाणं सुरू होणार असं दिसलं की ती स्वयंपाकघरातून ओरडते, “अहो, उठा! कूलरात पाणी टाका!” काका उठतात. पाइप धरून, टाकी भरेपर्यंत, ताठ उभे राहतात. गुणगुणतात तेही, पण कूलरच्या घरघरीत ते सिद्ध करता येत नाही.

दुपारी आमरस. मामानं पाठवलेला हापूस आणि कळमन्याच्या बाजारातून आणलेली बैगनफल्ली. हापूसच्या रसाचं वाटप नागपूर करारानुसार, लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावं, असा काकांचा आग्रह. गेल्या वर्षी काकू म्हणाली, “मग लोकसंख्या समोरच्यांचीच जास्त आहे,” आणि तिनं मोठा डबा काकांच्या हाती दिला. भर दोनच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, बाहीवर काळी फीत तशीच, काका रस्ता ओलांडून गेले. दार अम्मांच्या नातवानं उघडलं. फितीकडे पाहून त्याचा चेहरा पडला.

“अंकल, कोणी वारलं का?”

“नाही रे. महाराष्ट्र दिन आहे.”

“ओह! हॅप्पी महाराष्ट्र दिन, अंकल!”

“सेम टू यू,” काका म्हणाले.