मुंबईबाईंस, मुळशीहून

श्रीमती मुंबईबाई यांस,


पावसाळ्यात दर शनिवारी तुमची माणसं आमच्या ताम्हिणी घाटात भिजायला येतात आणि रिकाम्या बाटल्या आठवण म्हणून ठेवून जातात. तेव्हा परतभेट म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आई, बायको नि पोरांना घेऊन तुमच्याकडे आलो.

गेटवेसमोर फोटोवाला म्हणाला, "आजी, हसा." पोरीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, कमान 1924च्या डिसेंबरात उघडली. आई हसायची थांबली. "म्हणजे आपला मुळशी सत्याग्रह मोडला, त्याच साली." 1911 साली येऊन गेलेल्या राजाच्या स्वागताची कमान तेरा वर्षांनी उघडली! आमच्याकडे 1921च्या रामनवमीला लोक टाटांच्या मुळशी धरणाच्या कामावर आडवे पडले, तुरुंगात गेले, तरी 1927 साली भिऱ्याच्या वीजघरात वीज सुरू. सरकारी कामात नि कंपनीच्या कामात फरक असतो तो हा.

तुमचा इतिहास मोठा, बाई. पोर्तुगीजांनी तुम्हाला हुंड्यात दिलं. मग इंग्लंडच्या राजानं 1668 साली वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. निदान भाडं तरी ठरलं! तुम्ही हुंड्यात गेलात, आमची बावन्न गावं पाण्यात गेली. मुळा-निळेचं पाणी खरं तर पुण्याच्या अंगानं भीमेला जायचं. टाटांच्या वीज कंपनीनं ते उलटं फिरवलं आणि सह्याद्रीवरून पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं, तुमच्या गिरण्या चालाव्यात म्हणून. गिरण्यांचे तुम्ही मॉल केलेत. वीज मात्र घेतच आहात.

संध्याकाळी मरिन ड्राइव्हवर तुमचा तो राणीचा हार उजळला. धाकट्यानं विचारलं, "बाबा, हे दिवे आपले?" म्हटलं, "हो, पण हात लावू नकोस."

दादरला फूलबाजारात रस्त्याची पाटी वाचली: सेनापती बापट मार्ग. सेनापती ही पदवी बापटांना आमच्याच सत्याग्रहात मिळाली. धरणाला विरोध करून तुरुंगात गेलेल्या माणसाच्या नावाचा रस्ता, आणि त्यावर रात्रभर झगझगाट! मानलं तुम्हाला.

तक्रार नाही, किरकोळ येणं आहे. उतरलो होतो त्या लॉजवर मोबाइल चार्जिंगचे वीस रुपये वेगळे लावले. पावती सोबत जोडली आहे. तेवढे मनिऑर्डरीनं पाठवावेत.

आपला,
एक मुळशीकर