घरगुती राउटरची शास्त्रोक्त निवड

बिनतारी राउटर म्हणजे इमारतीत तारेने किंवा काचतंतूने आलेले इंटरनेट रेडिओलहरींच्या रूपाने घरभर वाटणारे यंत्र होय, अशी त्याची व्याख्या तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत केली जाते. मराठी गृहस्थाश्रमात मात्र, घरातील कोणत्याही बिघाडाचे खापर ज्याच्या माथी फोडता येते आणि जे बंद करून पुन्हा चालू केल्याने करणाऱ्यास काहीतरी तांत्रिक केल्याचे समाधान लाभते ते यंत्र म्हणजे राउटर, ही व्याख्या अधिक रूढ आहे. प्रस्तुत विवेचन पहिल्या व्याख्येला धरून चालते. दुसरीकडे पूर्ण दुर्लक्ष करणे त्यास साधलेले नाही.

निवडीचा आरंभ खोक्यापासून होतो, कारण बहुतांश गृहस्थ राउटर विकत घेत नाहीत, खोक्यावरची संख्या विकत घेतात. ‘एसी १२००’ ही अशा संख्यांतील विशेष लोकप्रिय संख्या. तीतील ‘एसी’ ही अक्षरे ८०२.११ एसी या २०१३ साली मान्य झालेल्या मानकाची, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांचे बोलणे कळावे म्हणून ठरवलेल्या नियमावलीची खूण आहेत. १२०० हा आकडा मात्र बेरजेने सिद्ध होतो. राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर प्रक्षेपण करतो. पहिल्यावर सेकंदाला जास्तीत जास्त ३०० मेगाबिट आणि दुसऱ्यावर ८६७ मेगाबिट असा हिशेब धरला की एकूण ११६७ होतात, आणि उरलेले ३३ उत्पादकाच्या औदार्यातून येतात. सामान्य फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर जोडलेला असल्यामुळे ही बेरीज घरातील कोणालाही कधी प्राप्त होत नाही. ती केवळ खोक्याला प्राप्त होते.

यातील मेगाबिट हे एककही निष्पाप नाही. आठ बिटांचा एक बाइट होतो, वेग बिटांत विकला जातो आणि चित्रपटाची फाइल बाइटांत मोजली जाते, त्यामुळे १०० मेगाबिटांची जोडणी घेतलेल्या गृहस्थास पडद्यावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसतात आणि तो सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावतो. ही तक्रार गणिताच्या दृष्टीने चुकीची असली तरी, त्याच फोनवर करता येण्याजोग्या बरोबर तक्रारी सहसा शिल्लक असल्यामुळे, फोन लावण्यास शास्त्राची हरकत नाही. शिवाय एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे आणि प्रत्येक तुकड्याची पोच घ्यायची, असा बिनतारी संवादाचा नियम असल्याने, जोडणीच्या छापील वेगाच्या निम्मा ते दोनतृतीयांश भाग हाती आला तरी तो राउटर सुलक्षणी मानावा.

खोक्याचा पुढचा भाग वाचून झाल्यावर मागचा वाचावा, असे अभ्यासू ग्राहकास सुचवले जाते, कारण सत्य तेथे लहान अक्षरांत छापलेले असते. अनेक स्वस्त राउटरांत बाहेरून येणारी तार जेथे खोचली जाते ती खाच, जिला पोर्ट म्हणतात, सेकंदाला १०० मेगाबिटांपुरतीच असते; म्हणजे १२०० वाटण्याची घोषणा करणाऱ्या यंत्राच्या घरात मुळात १०० येतात. दोनशे-तीनशे मेगाबिटांची जोडणी घेतलेल्याने ‘गिगाबिट’ हा शब्द सापडल्याखेरीज पैसे काढू नयेत. ज्याची जोडणीच ५० मेगाबिटांची आहे त्याने मात्र गिगाबिटाचा आग्रह धरू नये, आणि धरलाच तर तो प्रतिष्ठेसाठी आहे हे निदान स्वतःशी मान्य करावे.

मानकांच्या पिढ्यांना वायफाय ४, ५, ६ असे सुटसुटीत क्रमांक देण्याची पद्धत वायफाय अलायन्स या उत्पादकांच्या संघटनेने २०१८ मध्ये सुरू केली, आणि तेव्हापासून शेजाऱ्याच्या राउटरपेक्षा एकाने मोठा क्रमांक घेणे सोपे झाले. तथापि राउटर कितीही नव्या पिढीचा असला तरी फोन ज्या पिढीचा असेल त्याच पिढीच्या भाषेत त्यास बोलावे लागते. एवढेच नव्हे, तर घरातला एखादा वृद्ध टॅब्लेट सावकाश माहिती घेत असताना तो हवेतील वेळ अडवून धरतो आणि बाकीची तरतरीत यंत्रे, पंगतीत ताक भुरकत बसलेल्या शेवटच्या पाहुण्यासाठी बाकीच्यांनी हात वाळवत बसावे तशी, खोळंबून राहतात. वायफाय ६ चा खरा गुण कमाल वेगापेक्षा येथे आहे: एकाच प्रक्षेपणात अनेक यंत्रांच्या छोट्या छोट्या मागण्या भागवण्याची सोय त्यात आहे. मात्र तिचा लाभही त्याच पिढीच्या यंत्रांना होतो. टॅब्लेट आपल्या गतीनेच जेवतो.

यानंतर अँटेनांचा विचार. चार शिंगांचा राउटर दोन शिंगांच्या राउटरपेक्षा दुप्पट पराक्रमी असतो, हे दुकानांतील सर्वमान्य तत्त्व होय. प्रत्यक्षात बहुतेक फोनांत दोनच प्रवाह एकाच वेळी हाताळण्याची क्षमता असते, त्यामुळे वाढीव शिंगांचा उपयोग होतो तो थोडाफार, आणि तोही आतील मंडल त्यांना न्याय देणारे असेल तर. त्याहून मौलिक बाब दिशेची आहे. अशा दांडीवजा अँटेनेतून लहरी दांडीच्या चहूबाजूंना पसरतात आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात. म्हणून जे गृहस्थ अँटेनेचे टोक बंदुकीच्या नळीप्रमाणे झोपण्याच्या खोलीवर रोखतात, ते नेमके त्या खोलीस वंचित ठेवतात. एकमजली घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. वर माडी असल्यास एखादी आडवी करावी.

जागेच्या प्रश्नात दोन शास्त्रे परस्परांसमोर उभी ठाकतात. वास्तुशास्त्राप्रमाणे घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, आणि ते मोकळे ठेवावे असा दंडक आहे. विद्युतचुंबकशास्त्राप्रमाणे राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर असावा. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरे दोन्ही शास्त्रांना बगल देऊन तिसरा मार्ग पत्करतात: केबल टाकायला आलेल्या मुलाच्या हातातले ड्रिल ज्या भिंतीपाशी प्रथम पोहोचले ती राउटरची जागा. ती बहुधा मुख्य दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे असते, आणि त्यामुळे घरातील सर्वांत उत्तम रेंज चपलांना मिळते व त्याखालोखाल जिन्यातून जाणाऱ्यांना. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही लहरींची तीव्रता चौथाईवर येते. घर तर मोकळेही नसते. लहरींचे मुख्य शत्रू म्हणजे धातू, पाणी आणि जाड भिंत. लोखंडी कपाट लहरी परतवते, आरशाच्या मागचा धातूचा लेपही तेच करतो, आणि ज्याच्या दारावर पूर्ण उंचीचा आरसा आहे असे लोखंडी कपाट झोपण्याच्या खोलीत नेमके राउटरच्या रेषेत उभे करून पलीकडे घरून काम करणाऱ्या सुनेला बसवणे, ही रचना कोणत्याही वायफाय पिढीला हार मानायला लावते. ५ गिगाहर्ट्झची लहर, जिची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर असते, २.४ गिगाहर्ट्झच्या साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा भिंतींत अधिक क्षीण होते. त्यामुळे कोकणातील चिऱ्यांच्या घरात किंवा जुन्या वाड्यात वेगवान पट्टा त्याच खोलीपुरता राहतो आणि पुढच्या खोलीत मंद पट्ट्यावर निर्वाह करावा लागतो. राउटरवर विणलेला रुमाल घालण्याची प्रथा लहरींना फारशी बाधक नाही, पण आतली उष्णता कोंडली जाते. यंत्र तापते, अडते आणि मग रुमाल न काढता बंद करून पुन्हा चालू केले जाते.

शहरी गृहसंकुलात मात्र स्वतःच्या भिंतींपेक्षा शेजाऱ्यांचे राउटर अधिक त्रासदायक ठरतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणजे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत त्यावर कोणालाही विनापरवाना प्रक्षेपण करता येऊ लागले, आणि त्याप्रमाणे प्रत्येकजण ते करतो. या पट्ट्यात १३ वाहिन्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की १, ६ आणि ११ या तीनच परस्परांना उपद्रव न देता नांदू शकतात. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत या तिघींवर काय प्रसंग गुदरत असेल, याची कल्पना वाचकाने करावी. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच वारंवारतेवर चालत असल्याने पापड भाजण्याच्या वेळी ऑनलाइन शिकवणी अडखळणे हा योगायोग समजू नये. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली भारतात विस्ताराने खुला झाला. त्यात वाहिन्या पुष्कळ आहेत आणि त्याच्या लहरी भिंतींत अडकतात हा त्याचा दोषच येथे गुण ठरतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही शेजाऱ्याकडेच राहतात.

वेगाची चर्चा जेवढी रंगते तेवढी भरवशाची रंगत नाही. बैठकीत चेहरा गोठतो तेव्हा दोष बहुधा वेगाचा नसून विलंबाचा असतो: संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा काळ मिलिसेकंदांत मोजतात, आणि घरातील कोणाचा तरी फोन लग्नाचे सातशे फोटो ढगात चढवू लागला की बाहेर जाणाऱ्या माहितीची राउटरात रांग लागून हा काळ कित्येक पट वाढतो. रांगेचे नियमन करणारी सोय काही राउटरांत असते. ती असलेला राउटर दोन शिंगे कमी असली तरी श्रेष्ठ मानावा.

तथापि बिनतारी जाळे सुधारण्यासाठी करता येणारी सर्वांत फलदायी खरेदी म्हणजे तार. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक जागचे हलत नाहीत. त्यांना कॅट ६ प्रकारच्या केबलने जोडल्यास, जी १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग बिनतक्रार वाहते, हवेतील सगळा अवकाश फोनांना मोकळा होतो. या उपायास तांत्रिक आक्षेप कोणताच नाही. आक्षेप येतो तो नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर पांढरी केसिंग पट्टी मारण्यास, आणि तो सहसा निर्णायक ठरतो. मग तडजोड म्हणून रिपीटर आणला जातो, जो ऐकलेले सगळे त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलून दाखवत असल्याने वेग साधारण निम्म्यावर आणतो, पण कांडी मात्र पूर्ण दाखवतो, आणि घरात शांतता नांदते.

सुरक्षिततेविषयी एवढेच पुरे की ‘डब्ल्यूईपी’ हे कुलूप २००१ सालापासून उघडे आहे, ‘डब्ल्यूपीए ३’ असल्यास घ्यावे, आणि राउटरच्या आतल्या मांडणीचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असाच ठेवू नये. वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवणे मात्र पाहुण्यांची वर्दळ पाहता क्षम्य आहे.

शेवटी विजेचा प्रश्न उरतो. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी राउटर चालू राहावा म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेण्याची प्रथा वाढत आहे. काचतंतूची जोडणी थेट घरापर्यंत येत असेल तर ती सार्थही आहे, कारण अशा जाळ्यात वाटेत प्रकाश विभागणाऱ्या पेट्यांना वीज लागत नाही. मात्र काचतंतू जेथे संपतो ती घरातली डबी वेगळी असल्यास तिलाही त्याच यूपीएसवर घ्यावे लागते. जोडणी गच्चीवरून लॅन केबलने उतरत असेल तर मधला स्विच जिन्यातल्या पेटीत असतो आणि त्याचा प्लग इमारतीच्या सामाईक मीटरवर. अशा वेळी यूपीएस घेण्यापूर्वी त्या पेटीला बॅटरी आहे काय, याची चौकशी सोसायटीच्या सचिवाकडे लेखी अर्जाने करावी. हा विषय पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत, पार्किंगचा विषय आटोपल्यानंतर वेळ उरल्यास, चर्चेला घेतला जाईल.