मुलीचे मामा

भाचीचं लग्न ठरल्याची बातमी मामांना फोनवर कळते. मुलगा काय करतो, कुठला, पत्रिका जुळली का, यातलं ते काही विचारत नाहीत. "माणसं किती?" एवढंच विचारतात. समोरून "पाचशे-सहाशे" असं उत्तर आलं की म्हणतात, "म्हणजे सहाशे. कार्यालय मी बघतो."

पुण्यात प्रत्येक घराला असे एक मामा असतातच. एरवी वर्षभर हा माणूस भिडस्त. पण मंगल कार्यालयाच्या दारात चप्पल काढली की त्यांच्या अंगात सरकारी इन्स्पेक्टर संचारतो.

भाचीला खरं तर लॉन हवं असतं. मामा ते एका वाक्यात निकालात काढतात. "वैशाखात वळीव आला की बासुंदीचं ताक होतं. वर रात्री 10 ला स्पीकर बंद. डोक्यावर छप्पर पाहिजे." विषय संपला.

मॅनेजर झुंबर दाखवत असतो, तेव्हा मामा वरपक्षाच्या खोलीत गादी कोपराने दाबून बघत असतात. मॅनेजर स्टेजवरचे दिवे लावतो, तोवर मामा बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. "गरम यायला दीड मिनिट लागलं. पहाटे पाचला वीस बायका एकदम न्हाणार आहेत, साहेब. त्यांना काय सांगू?" मॅनेजरच्या आयुष्यात हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसतो. मग मामा हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवतात आणि कान टवकारतात. आवाज घुमला तर मान हलवतात. "मंगलाष्टकं कळणार नाहीत. म्हणजे, आमच्या वन्सं म्हणणार आहेत, तेव्हा एका अर्थी बरंच आहे," असं मामी मागून पुटपुटतात.

पण मामांचा खरा हुकमी पत्ता पंगतीचा हिशेब. "मुहूर्त 12 वाजून 27 मिनिटांचा धरा. अक्षता पडल्या की लोक हात धुवायला पळतात, तरी पहिली पंगत 1 च्या आत बसत नाही. पान मांडण्यापासून टेबल पुसेपर्यंत 40 मिनिटं. तुमच्या डायनिंगला 150 पानं, आमची माणसं 600. चार पंगती. चौथी उठणार 3 वाजून 40 मिनिटांनी. घरचे आणि वाढपी अजून उपाशीच. आणि तुम्ही म्हणता 4 ला कार्यालय सोडा? मुलीने रडायचं केव्हा?"

"बुफे ठेवा ना, काका."

बुफे हा शब्द मामांच्या कानाला लागतो. ताट हातात धरून मठ्ठ्याची वाटी सांभाळायची आणि कोपराने ओळखीच्या माणसाला नमस्कार करायचा, याला ते जेवण म्हणत नाहीत, कसरत म्हणतात.

हॉल एसी असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला. "लाजाहोमाचा धूर कुठून बाहेर जातो?" मॅनेजर सांगतो की होमाच्या वेळी एसी बंद करून खिडक्या उघडतो. "म्हणजे मुख्य विधीला एसी बंद, आणि भाडं दिवसभराच्या एसीचं!" मग दरपत्रक हातात येतं. भाडं, डिपॉझिट, वीज मीटरप्रमाणे, जनरेटर तासावर, सफाई वेगळी, केटरर बाहेरचा आणला तर त्याची रॉयल्टी, आणि या सगळ्याखाली 18 टक्के जीएसटी. मामा चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "यात खुर्च्या आहेत ना, की त्या घरून आणायच्या?"

या मामांच्या आयुष्यात एकच खडतर काळ येऊन गेला. एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे राज्य सरकारने हुकूम काढला : लग्नाला 25 माणसं, सगळं दोन तासांत, एकाच हॉलमध्ये. घराघरांतले वडील खर्च वाचला म्हणून सुस्कारे सोडत होते. मामा मात्र सुतकात बसल्यासारखे बसले होते. पंचवीस माणसांना गाद्या कसल्या मोजायच्या, आणि पंगतीचा हिशेब तरी कोणाला सांगायचा?

आता एवढं सगळं करून कार्यालय कसं ठरतं? मामांच्या वहीत नऊ कार्यालयांचे रकाने असतात. पार्किंग, लिफ्ट, गीझर, मुदपाकखान्यातला उतार. मग गुरुजी पंचांग बघून तारीख सांगतात आणि फोनाफोनी सुरू होते. तुळशीचं लग्न लागायच्या आधीच पुढच्या वैशाखापर्यंतच्या तारखा गेलेल्या असतात. नवांपैकी आठ ठिकाणी "फुल आहे हो". उरतं एकच. गरम पाण्याला दीड मिनिट लावणारं.

मामा क्षणभरही खचत नाहीत. संध्याकाळी ताईला सांगतात, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. टाळी घुमते, म्हणजे बांधकाम भक्कम आहे. आणि दीड मिनिटाने का होईना, पाणी कडकडीत येतं."

लग्नाच्या दिवशी मामा मांडवात दिसत नाहीत. कोणी म्हणतं कोठीत चादरी मोजून परत देतायत, कोणी म्हणतं जनरेटरवाल्याशी भांडतायत. स्टेजवर अंतरपाट धरला जातो. नवरा मुलगा पाटावर उभा राहतो. गुरुजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कोणी येत नाही. गुरुजी पुन्हा पुकारतात. मुलीचे वडील घड्याळ बघतात, ताई भावाच्या नावाने दात-ओठ खाते. तेवढ्यात गच्चीच्या जिन्यावरून मामा धापा टाकत उतरतात. डोक्यावरचा फेटा कलंडलेला, सोवळ्याची कड पाण्याच्या टाकीवर भिजलेली. ते भाचीचा हात धरतात. आयुष्यभर जपलेली ही पोर, डोळे भरलेली, मुंडावळ्यांतून त्यांच्याकडे बघते. मामांचेही डोळे भरतात. तिच्या कानाशी वाकून ते म्हणतात, "जपून ये, बाळ. डावीकडे एसीची वायर आहे, दोनदा सांगूनही उचललेली नाही."