कोपऱ्यातला आकडा

भोसरीतल्या एका गाळ्यावर बसून मी कॉम्प्युटरवर लोखंड वाकवतो. कार्डावर 'सीएई इंजिनीअर' असं छापलंय. आईला मात्र मी 'डिझाइनमध्ये आहे' एवढंच सांगतो. खरं सांगितलं की ती विचारते, "मग मोडतं की नाही ते?" आणि त्याचं उत्तर मला दरवेळी देता येतंच असं नाही.

एक साधा एल आकाराचा ब्रॅकेट होता. रुंदी 40 मिलिमीटर, जाडी 8, टोकाला 500 न्यूटन. गेल्या वर्षी मी रिपोर्ट दिला: कमाल ताण 212 मेगापास्कल, पोलादाची मर्यादा 250, ब्रॅकेट पास. ब्रॅकेट बनले, बसले, बिलसुद्धा वेळेवर निघालं. मग कस्टमरचा फोन आला, "एक भोक दोन मिलिमीटर सरकवलंय, जरा रन मारून द्या ना."

मधल्या काळात आमच्याकडे सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं होतं. म्हटलं, आधी जुनंच मॉडेल जसंच्या तसं चालवून बघू. 291. आतला कोपरा लालभडक.

पुन्हा रन मारला. दुसऱ्यांदा विचारल्यावर मशीन ओशाळून आकडा बदलेल असं मला का वाटलं, कोण जाणे. 291.

खरं तर एकाच गोष्टीची दोन उत्तरं मला नवीन नाहीत. आमचं आजोळ रत्नागिरीचं, घरात टिळक पंचांग. एखाद्या वर्षी आमचे गणपती पुण्याच्या गणपतींच्या महिनाभर आधी येऊन जायचे. आकाश तेच, पण अयनांश वेगळा धरला की अधिक महिनाच इकडचा तिकडे. त्यावरून आजोबांनी कधी आकाशाला दोष दिला नाही. मी मात्र थेट सॉफ्टवेअरच्या सपोर्टला मेल ठोकला.

मेल जबरदस्त होता. 'दोन व्हर्जनमध्ये 37 टक्के फरक हा अक्षम्य बग आहे' अशी सुरुवात. पुढे वजन यावं म्हणून नॉर्वेचा दाखला: 23 ऑगस्ट 1991 रोजी स्लाइपनर ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया खाडीत बुडाला, तोही अशाच चुकीच्या आकड्यांमुळे. साहेबांना सीसी.

तासाभरात सपोर्टच्या मुलीचा फोन. आवाज इतका नम्र की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"सर, स्लाइपनरमध्ये सॉफ्टवेअर बरोबरच होतं. मेश जाड आणि वेडावाकडा होता, म्हणून शिअरचा ताण 47 टक्के कमी दिसला. तुमचा मेश साइज किती आहे, सर?"

"डिफॉल्ट."

"नव्या व्हर्जनमध्ये डिफॉल्ट निम्मा केलाय, सर. अजून निम्मा करून बघता का?"

केला. 399. आणखी निम्मा केला. 546. ब्रॅकेट होता तिथेच होता, वजन तेवढंच होतं, आकडा मात्र टोमॅटोच्या भावासारखा चढत होता.

"कोपऱ्यात फिलेट नाहीये का, सर?"

नव्हता. गोलाई नसलेल्या आतल्या टोकदार कोपऱ्यात गणिताने ताण अनंत असतो. मेश, म्हणजे हिशोबाची जाळी, जितकी बारीक, तितका आकडा मोठा, आणि तो कुठेच थांबत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो. दर वर्षी नव्या पोरांना मी हेच शिकवतो, तेही फळ्यावर लाल खडूने.

तोवर साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी चहाच्या बिलामागे 500 गुणिले ब्रॅकेटच्या हाताची लांबी 120 मांडलं, खाली रुंदी आणि जाडीचा वर्ग, भागिले सहा. "अरे, 140 येतंय सरळ. गोलाई धरली तर थोडं वर. तू 212 कुठून आणलास?"

212 मी आणला नव्हता, जुन्या डिफॉल्टने आणला होता. तो 250 च्या खाली आला म्हणून मी त्याला काही विचारलं नाही. 291 आला तेव्हाच मला इंजिनीअरिंग आठवलं.

ड्रॉइंग उघडलं. त्यावर 5 मिलिमीटरचा फिलेट स्वच्छ दाखवलेला होता. मॉडेल 'साफ' करताना तो मीच उडवला होता, रन लवकर संपावा म्हणून. किती लवकर? चार मिनिटं.

फिलेट परत घातला आणि त्या गोलाईवर मेश बारीक केला. जुन्या व्हर्जनमध्ये 176, नव्यात 177.

माझ्या सहीचा 212 चा रिपोर्ट अजून कस्टमरकडेच आहे. दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलंय. 'सॉफ्टवेअर अपडेटमुळे' हे शब्द आतापर्यंत दोनदा खोडून झालेत.