मंगळसूत्र वाढलं!

आमच्या घरात कप फुटतात, चपलांचे अंगठे तुटतात, माझा शब्द तर रोज मोडतो. मंगळसूत्र मात्र तुटत नाही. ते ‘वाढतं’. त्यामुळे परवा सकाळी स्वयंपाकघरातून आई ‘अरे, मंगळसूत्र वाढलं!’ म्हणून ओरडली, तेव्हा सोन्याचा भाव चढला असं समजून मी पेपरात भाव शोधू लागलो. तोवर काळे मणी फ्रिजखाली पोचले होते.

नेहमीचा पटवेकरी गावाला गेलेला आणि भाचीचं लग्न तीन दिवसांवर. ‘मी गाठवून देतो,’ मी म्हणालो. आईने काही न बोलता दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

‘नीट ओव,’ पेपराआडून बाबा म्हणाले, ‘माझ्या तब्येतीचा प्रश्न आहे.’

आईचं लग्न 1964 चं. आदल्याच वर्षी मोरारजी देसाईंचं सुवर्णनियंत्रण आलेलं. 14 कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. म्हणजे शंभरात जेमतेम 58 भाग सोनं. सासरची वाटी अशी कायद्याला धरून घडली. माहेरच्यांनी घरातली जुनी वाटी काढून दिली. एक फिकट, एक पिवळीधमक. हा फरक आई साठ वर्षं बाबांना उजेडात धरून दाखवत आली आहे.

ताटात नॅपकिन पसरून मी मणी मोजले. 187. आई म्हणाली, ‘188.’ एकशे अठ्ठ्याऐंशीवा फ्रिजखाली एका वाळक्या लिंबाच्या आडोशाला सापडला. जुना दोरा का गेला तेही कळलं: घामाने सूत कुजतं, आणि काचेच्या मण्याच्या भोकाची कड त्याला रोज थोडी थोडी कापते. म्हणून मी नायलॉनचा दोरा घेतला. आईने नाक मुरडलं.

एका वाटीची कडीही फाकली होती. मी माळ्यावरून कॉलेजच्या दिवसांतलं सोल्डरिंगचं यंत्र काढलं आणि बाबा पहिल्यांदाच पेपरातून बाहेर आले. ‘सोन्याला कथील लावतोस? सोनाराचा डाग सोन्याचांदीचा असतो. कथील-शिसं लागलं आणि पुढे कुणी ते तापवलं, की सोनं ठिसूळ होतं.’ त्यांना हे ठाऊक असायचं कारण, आईच्या कुडीला त्यांनी स्वतःच एकदा असा डाग दिला होता. डाग म्हणजे दागिना, डाग म्हणजे सांधा, आणि तिसरा डाग तेव्हापासून बाबांच्या नावावर आहे.

शेवटी दोन चिमट्यांत धरून कडी मिटवली. ती ओढून फाकवायची नसते, आडवी पिळायची असते, एवढं मात्र मला येत होतं.

ओवणं दोन तास चाललं. पहिल्यांदा एक वाटी उलटी गेली. ‘उलटं मंगळसूत्र नव्या नवरीचं असतं,’ आई म्हणाली. ‘मग माझ्या मुंडावळ्या काढ,’ बाबा म्हणाले. सगळं उसवून पुन्हा.

मग गाठ. निरगाठ मारली, पण नायलॉन गुळगुळीत. नजर वळली की गाठ सैल. म्हणून वर झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने पकडतो, आणि माझ्या हाताला दरदरून घाम सुटलेला. दुसऱ्या क्षणी माझा अंगठा, तर्जनी आणि सासरची वाटी एकजीव. मुलीने तिचं नेलपॉलिश रिमूव्हर आणलं. त्यातल्या अॅसिटोनने दहा मिनिटांत सुटका झाली. तेवढा वेळ आई माझ्या बोटांकडे नव्हे, वाटीकडे बघत होती.

संध्याकाळी तिने मंगळसूत्र घातलं, आरशात पाहिलं. नायलॉन ताणला गेला होता, शिवाय मी दर चार मण्यांमागे सैल हात ठेवला होता. वाट्या नेहमीपेक्षा चांगल्या दोन बोटं खाली आल्या होत्या.

‘आता खरंच वाढलं,’ आई म्हणाली.

लग्नात ती तेच घालून मिरवली. मुलाने गाठवलं म्हणून चारचौघींना वाकून दाखवलं. घरी आल्यावर रिक्षाचे पैसे द्यायला मी तिची पर्स उघडली, तर सुट्ट्या पैशांत, दोऱ्यात बांधलेलं हळकुंड.