टोनीला न सोडल्याबद्दल अभिनंदन!

कॅन्सस सिटी, 15 ऑक्टोबर 2008

श्री. कार्ल पीटरसन, अध्यक्ष व जनरल मॅनेजर, कॅन्सस सिटी चीफ्स यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, काल दुपारी खेळाडूंच्या ट्रेडची (अदलाबदलीची) मुदत संपली आणि टोनी गोन्झालेझ चीफ्सकडेच राहिला. अभिनंदन! पाचपैकी चार सामने हरलेल्या संघात राहायला कोण तयार असतं हो? तोही नव्हता. 'मला जाऊ द्या' असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. पण आपण बधला नाहीत.

(मराठी वाचकांसाठी: अमेरिकन फुटबॉलमध्ये टोनी टाइट एन्डच्या जागी खेळतो; टाइट एन्ड म्हणजे कबड्डीत एकाच गड्यानं पकडही करायची आणि चढाईही. अंगावर येणारा धटिंगण अडवायचा, नाहीतर त्याला चुकवून पळत सुटायचं आणि पास झेलायचा. वयाच्या 32 व्या वर्षी हे करून माणूस सोमवारी सकाळी अंथरुणातून कसा उठतो, त्याचं त्यालाच ठाऊक.)

याच महिन्याच्या 5 तारखेला कॅरोलिनात त्यानं विक्रमवीर शॅनन शार्पला मागं टाकलं. टाइट एन्डच्या सर्वाधिक यार्डांचा विक्रम आता त्याच्या नावावर आहे. सामन्याचा निकाल? 34-0. इतिहास घडला आणि फलकावर आपला भोपळा. पास टाकणारे क्वार्टरबॅक दर काही आठवड्यांनी बदलतात, त्यावर बोलायला नको.

बरं, जुनी माणसं जपायची असं धोरण असतं तरी समजलो असतो. पण एप्रिलमध्ये तुम्ही जॅरेड ॲलनला मिनेसोटाला देऊन टाकलंत. वय 26. आदल्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक सॅक (समोरच्या क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच आडवं करणं) त्याचे. कशासाठी, तर संघाची नव्यानं बांधणी! बांधणीसाठी 26 वर्षांचा विकायचा आणि 32 वर्षांचा डांबून ठेवायचा, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? तरुण पोरं तयार होईपर्यंत टोनी पस्तिशीला टेकेल. तेव्हा त्याला गुडघे राहतील का, हा विचार तुमच्या कार्यालयात कुणाच्याच डोक्यात येत नाही?

उपरोध पुरे, साहेब. 1997 साली ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत तुम्हीच घेतलंत त्याला. त्यानंतर संघ तीनदा प्लेऑफमध्ये गेला आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात गारद झाला. 2004 च्या जानेवारीत तर घरच्या मैदानावर 31 गुण करूनही हरलो, कारण आपल्या बचावफळीला कोल्ट्सकडून एकदाही पंट (नाइलाजानं लाथेनं चेंडू परत देणं) करवून घेता आला नाही. बारा मोसम राबलेल्या माणसाला प्लेऑफचा एक विजय देता आलेला नाही तुम्हाला! वर त्यानं जायचंही नाही? ही निष्ठा नव्हे, वेठबिगारी आहे.

खरं सांगू, तुमचंही वाईट वाटतं. 1988 च्या अखेरीस तुम्ही आलात तेव्हा आपलं ॲरोहेड मैदान ओस पडलेलं असायचं. ते तुम्ही भरलंत. नव्वदच्या दशकात तिकिटासाठी वशिला लावावा लागे. त्या दिवसांपैकी आज टोनीखेरीज तुमच्यापाशी फारसं काही उरलेलं नाही. तो गेला की लोक तुमच्याकडेच बघायला लागतील, ही धास्ती कळते मला. पण तिची किंमत त्यानं का मोजावी?

एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीचा ड्राफ्ट आहे. कुणी दुसऱ्या फेरीतली एक निवड देऊ केली तर घासाघीस न करता घ्या आणि त्याला अशा संघात पाठवा, जिथं जानेवारीतही फुटबॉल खेळतात.

कळावे,
ॲरोहेडचा एक सीझन-तिकीटवाला